काहीच दिसत नाही, तरी काटा का येतो? भयमालिकेतला एक शॉट, वाड्याच्या खळ्यापासून घरच्या टीव्हीपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: ‘रात्रीस खेळ चाले’ पुन्हा बघायला घेतली. काही प्रसंगांत भूत नाही, किंकाळी नाही, नुसती रिकामी पडवी आहे, तरी अंगावर काटा येतो. उलट भूत समोर उभं राहिलं की भीती ओसरते. रात्रीचे काही प्रसंग घरच्या टीव्हीवर काळेठिक्कर दिसतात, मोबाइलवर मात्र नीट दिसतात. आणि ‘सेव्हरन्स’ ही मालिका लख्ख उजेडात घडते, तरी तेवढीच अस्वस्थ करते. मग भीती अंधारात असते की कॅमेऱ्यात?

कॅमेऱ्यात. कॅमेरा चौकटीत जी जागा रिकामी ठेवतो आणि आपल्याला तिच्याकडे बघत बसायला लावतो, तिथे भीती असते. अंधार हा ती जागा रिकामी ठेवण्याचा एक मार्ग. तो स्वस्त आहे आणि फार नाजूकही, कारण सेटवर केलेला अंधार तुमच्या घरी तसाच पोहोचेल याची खात्री नसते. हे समजायला एकच शॉट घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही. रात्रीची वेळ, वीज गेलेली. एक बाई हातात दिवा घेऊन माजघरातून पडवीत येते, थांबते, खळ्याकडे, म्हणजे घरापुढच्या अंगणाकडे, बघते आणि परत आत जाते. एकूण चाळीस सेकंद. हा शॉट एखाद्या ठरावीक भागातला नाही. कोकणातल्या वाड्यात घडणाऱ्या कुठल्याही भयकथेत तो या ना त्या रूपात येतोच.

आधी कॅमेरा कुठे ठेवायचा ते पाहू. दैनंदिन मालिकेच्या सवयीप्रमाणे कॅमेरा पडवीतच, बाईच्या चेहऱ्याच्या उंचीवर, ५० मिलिमीटरच्या लेन्सवर लागतो आणि मिड शॉट (कमरेपासून वरचा) मिळतो. चेहरा छान दिसतो, भीती शून्य. आता तोच कॅमेरा खळ्यात तीस फूट मागे न्या. लेन्स ८५ मिलिमीटरची, म्हणजे लांबचं जवळ आणणारी, लावा. उंची जमिनीपासून साधारण तीन फूट ठेवा, म्हणजे उभ्या माणसाची नजरही नाही आणि बसलेल्याचीही नाही. तुळशी वृंदावनाची कड किंवा पडवीचा खांब चौकटीच्या एका बाजूला, धूसर, पाचव्या हिश्शाइतका येऊ द्या. एवढ्यानेच प्रेक्षकाच्या मनात प्रश्न उभा राहतो: तिच्याकडे हे बघतंय कोण? पटकथेने त्याचं उत्तर द्यायची गरज नाही. देऊच नये.

दुसरी गोष्ट नजरेपुढच्या जागेची. माणूस डावीकडे बघत असेल तर त्याच्या डावीकडे मोकळी जागा सोडायची, हा कॅमेऱ्याचा बाळबोध नियम. इथे तो मुद्दाम मोडायचा. बाईला चौकटीच्या उजव्या कडेला ढकला, तिला उजवीकडेच बघू द्या आणि तिच्या पाठीमागचा माजघराचा दरवाजा मोकळा ठेवा. आता चौकटीचा दोन तृतीयांश भाग तिच्या पाठीशी आहे. तिला तो दिसत नाही, आपल्याला दिसतो. प्रेक्षकाची नजर चेहऱ्यावरून निघून त्या दरवाज्यावर जाते, परत चेहऱ्यावर येते, पुन्हा दरवाज्यावर जाते. ही ये-जा सुरू झाली की शॉटचं अर्धं काम झालं.

आणि उरलेलं अर्धं काम संकलकाच्या टेबलावर. बाई आत गेली की कट करायचा, हा हाताला लागलेला संस्कार असतो. इथे कट करू नका. रिकामी चौकट पाच-सहा सेकंद धरून ठेवा. पहिले दोन सेकंद प्रेक्षक पुढच्या शॉटची वाट बघतो. तिसऱ्या सेकंदाला त्याच्या लक्षात येतं की शॉट संपलेला नाही, म्हणजे इथे काहीतरी आहे. मग डोळे शोधायला लागतात. आपला मेंदू चेहरा ओळखण्याच्या बाबतीत इतका उतावीळ आहे की लाकडातल्या दोन गाठी आणि खाली एक चीर एवढं त्याला पुरतं. म्हणून कलादिग्दर्शकाने माजघराच्या आत खुंटीवर एक घोंगडी टांगून ठेवावी. जमिनीपासून साडेपाच फुटांवर खुंटी, खाली लोंबणारी घोंगडी. उजेडात ती घोंगडी आहे. तिच्यावर चेहऱ्यापेक्षा दोन-अडीच स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) कमी प्रकाश पडला की तो उभा माणूस असतो. ती हलवायची नाही, तिच्यावर संगीत वाजवायचं नाही, कॅमेऱ्याने तिच्याकडे बोट दाखवायचं नाही. प्रेक्षकाने ती स्वतः शोधली तरच काटा येतो.

भूत समोर आलं की भीती ओसरते त्याचं कारणही हेच. दचकणं आणि धास्ती या शरीराच्या दोन वेगळ्या क्रिया आहेत. दचकण्याची प्रतिक्षिप्त क्रिया सेकंदाच्या अंशात होते, डोळे मिटतात, मान आखडते आणि लगेच सगळं उतरणीला लागतं. धास्ती मात्र शोध चालू असेतोवर टिकते, आणि आकृती स्पष्ट दिसली की शोध संपतो. दाखवायचंच असेल तर प्रेक्षकाने ‘इथे काही नाही’ म्हणून आधीच तपासून टाकलेल्या जागी दाखवा, फोकसच्या बाहेर, सेकंद-दीड सेकंदासाठी, त्याच न कापलेल्या शॉटमध्ये. धडाम आवाज नको. त्याऐवजी आधीपासून चालू असलेली रातकिड्यांची किरकिर अचानक थांबवा. रानात वावरणाऱ्या माणसाला ठाऊक असतं की किडे गप्प झाले म्हणजे जवळून काहीतरी जातंय.

कॅमेरा हलवायचा असेल तर हळू. चाळीस सेकंदांत चार फूट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वा इंच. एवढी गती प्रेक्षकाला जाणवत नाही, पण खांबामागून दरवाजा कणाकणाने उघडा पडत जातो आणि काहीतरी जवळ सरकतंय एवढं मात्र कळतं. झूम करून हे मिळत नाही. झूममध्ये जवळचं आणि लांबचं सगळं एकाच प्रमाणात मोठं होतं, खांब आणि दरवाजा यांचं आपसातलं नातं बदलत नाही. ट्रॉलीवर, म्हणजे रुळांवरून कॅमेराच सरकवला की, ते बदलतं. चेहऱ्यावर तीनदा झूम आणि प्रत्येक झूमला विजेचा कडकडाट, ही जी सवय मालिकांना लागली ती वेळेच्या ओढाताणीतून आली हे खरं. दिवसाला जवळजवळ एका भागाइतकं चित्रीकरण उरकायचं असतं. पण भयमालिकेचं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने केलं आहे.

ट्रॉली हळू चालवायची म्हणजे रूळ अचूक हवेत. जांभ्या चिऱ्याचं खळं कधीच सपाट नसतं. आधी प्लायवूड, त्यावर रूळ, खाली लाकडी पाचरी, आणि दर तीन फुटांवर लेव्हल तपासायची. रुळांच्या सांध्यावर चाक गेलं की ठक्कन झटका बसतो. नेहमीच्या वेगात तो लपतो, या वेगात मात्र ८५ च्या लेन्सवर भूकंपासारखा दिसतो. म्हणून सांधा शॉटच्या पट्ट्यात येऊच द्यायचा नाही. चार फुटांसाठी आठ फुटांचा अखंड रूळ घ्या आणि चाकांना टाल्कम पावडर लावा.

आता घराविषयी थोडं, कारण ते निम्मं काम आयतं करून देतं. ‘रात्रीस खेळ चाले’चे तीन भाग आले, २०१६, २०१९ आणि २०२१ मध्ये, आणि त्यातला नाईकांचा वाडा आहे सिंधुदुर्गातल्या आकेरीचा. कोकणी घराची रचना बघा. खळं, पडवी, ओटी, माजघर, मागचं दार, परसू. दारं एका ओळीत आली की एकाच चौकटीत चार-पाच थर मिळतात आणि प्रत्येक उंबरठा ही एक वेगळी काळी चौकट होते. पावसासाठी कौलं इतकी खाली उतरवलेली असतात की आभाळाचा उजेड आत शिरतच नाही. भर दुपारी खळ्यात सुमारे एक लाख लक्स (पडणाऱ्या उजेडाचं माप) असतात तेव्हा माजघरात शंभर असले तरी पुष्कळ. हा फरक दहा स्टॉपचा आहे. कोकणात तिन्हीसांजेइतकीच भरदुपारही बाहेरच्या वाऱ्याची मानतात, आणि कॅमेऱ्यासाठीही ती वेळ उत्तम. माजघराच्या काळोखात कॅमेरा लावा, एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती प्रकाश घ्यायचा ते) ओटीवर धरा. खळं पांढरं जळून जाईल आणि त्या पांढऱ्यातून आत येणारा माणूस उंबरठा ओलांडेपर्यंत फक्त काळी आकृती असेल. दिवसाउजेडी याहून स्वस्त भय मिळणार नाही.

इथून ‘सेव्हरन्स’कडे वळणं सोपं जातं, कारण तर्क तोच आहे, फक्त सामान उलटं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या अमेरिकन मालिकेतली कंपनीची इमारत म्हणजे न्यू जर्सीतल्या होल्मडेलची बेल लॅब्सची जुनी वास्तू, वास्तुविशारद इरो सारिनेन यांची. आतले कॉरिडॉर सेटवर बांधलेले. छायालेखिका जेसिका ली गान्ये यांनी तिथे सावलीच काढून टाकली. छताचा सपाट पांढरा उजेड सगळीकडे सारखा, खिडकी नाही, त्यामुळे सकाळ आहे की रात्र याचा पत्ता नाही. हॉल एवढा मोठा आणि त्याच्या मधोमध चार टेबलं खेटून ठेवलेली. आपल्या वाड्यात रिकामी जागा काळी होती, इथे ती पांढरी आणि हिरव्या गालिच्याची आहे. चौकट काटेकोर सममितीत, कॅमेरा बऱ्याचदा पाळतीच्या कॅमेऱ्यासारखा दुरून आणि स्थिर. पुन्हा तोच प्रश्न: बघतंय कोण?

लिफ्टमध्ये माणसाचं घरचं मन बंद होऊन कामाचं मन चालू होतं, तो क्षण ट्रॉली आणि झूम एकाच वेळी उलट दिशांना चालवून दाखवला आहे. चेहरा तेवढाच राहतो आणि मागची भिंत मात्र सरकते. हे करायचं गणित सरळ आहे. अंतर दुप्पट झालं की लेन्सही दुप्पट व्हायला हवी: चार फुटांवर २५ मिलिमीटर, सहा फुटांवर ३७, आठ फुटांवर ५०. चुकतं कुठे? झूमच्या कड्यावरचे आकडे समान अंतरावर नसतात. ट्रॉली एकसारख्या वेगाने आणि कडंही एकसारख्या वेगाने फिरवलं की चेहरा मधेच फुगतो आणि परत बसतो. म्हणून जमिनीवर दर फुटाला टेप आणि कड्यावर त्याला जुळणारी खूण करायची आणि दोघांनी मोजत तालीम करायची. लिफ्टच्या अरुंद जागेत मागची भिंत काढता येणारी हवी, हे आधीच सुताराला सांगावं लागतं.

परत आपल्या पडवीत येऊ आणि दिव्याकडे बघू. एका वातीचा दिवा म्हणजे ढोबळमानाने एक मेणबत्ती. चेहऱ्यापासून एक फुटावर त्याचे सुमारे अकरा लक्स पडतात. कॅमेरा आयएसओ ८०० वर (ही त्याची प्रकाशाची संवेदनशीलता), शटर १/५० सेकंदावर आणि लेन्स एफ/२ वर (हे तिचं भोक, आकडा लहान तितकं मोठं) असेल तर मध्यम करड्या रंगाला साठेक लक्स लागतात, म्हणजे आपण अडीच स्टॉप कमी पडतो. आयएसओ ४००० वर गेलात तर साडेबारा लक्स पुरतात आणि दिवा एकट्याच्या बळावर चेहरा उजळतो. सोनीच्या एफएक्स९ सारख्या कॅमेऱ्यांत ४००० हीच दुसरी मूळ संवेदनशीलता आहे, त्यामुळे तिथे नॉइझ, म्हणजे चित्रातल्या मुंग्या, फारसा वाढत नाही. पण बाईने हात लांब केला आणि दिवा दोन फुटांवर गेला की प्रकाश चौथाई होतो, सरळ दोन स्टॉप खाली. अभिनेत्रीला दिवा कुठल्या बरगडीपाशी धरायचा ते दाखवून द्यावं लागतं ते यासाठी. शिवाय एफ/२ वर ८५ ची लेन्स तीस फुटांवर असली तरी फोकस फार खोल नसतो. ती पुढे येऊन थांबते त्या जागेवर खडूची खूण हवी आणि फोकस पुलरला (फोकस सांभाळणाऱ्या सहायकाला) निदान दोन तालमी हव्यात.

हातातला दिवा पुरत नसेल तर तळहाताच्या आड बारीक एलईडी पट्टी लपवतात, २००० केल्व्हिनच्या आसपास (हा आकडा कमी तितका उजेड तांबूस, जास्त तितका निळसर). आणि इथे एक चूक हमखास होते: कंदिलाची ज्योत फडफडते. कंदिलाला काच असते ती वारा लागू नये म्हणूनच. कंदिलाचा उजेड जवळजवळ स्थिर असायला हवा, फडफड समईची किंवा उघड्या दिव्याची. तीही अर्ध्या स्टॉपपेक्षा जास्त नको आणि एका लयीत तर मुळीच नको. दोन वेगवेगळे दिवे वेगवेगळ्या चालीवर लावले की खरी ज्योत वाटते. बाजारातला साधा एलईडी बल्ब डिमरवर टाकलात तर चित्रात पट्टे फिरताना दिसतील, तो आधी कॅमेऱ्यातून तपासा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम असतील तर १८० अंशांचं शटर, म्हणजे १/५० सेकंद, सुरक्षित. ओटीटीसाठी २४ फ्रेमवर काम असेल तर शटर १७२.८ अंशांवर न्यायचं, म्हणजे पुन्हा १/५० मिळतं.

चंद्राचा उजेड निळा का दाखवतात? चांदणं म्हणजे परावर्तित सूर्यप्रकाशच, मोजायला गेलं तर किंचित पिवळसरही निघतं. पण मंद उजेडात डोळ्यातल्या दंडपेशी काम करतात. त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत संवेदनशील असतात आणि तांबडं त्यांना जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे रात्र थंड रंगाची वाटते. हा पुर्किन्ये परिणाम. तेवढ्याच प्रमाणात निळं करा. कॅमेरा ३२०० केल्व्हिनवर आणि चंद्र म्हणून लावलेला दिवा ४३०० ते ४८०० च्या दरम्यान ठेवला की पुरे. ५६०० चा दिवा आणि त्यावर आणखी निळा जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावला की रात्रीला नीळ दिल्यासारखी दिसते, जांभा चिरा जांभळा पडतो आणि त्वचा आजारी.

हा चंद्र घराच्या मागून, तिरका आणि उंचावरून यायला हवा, म्हणजे कौलांची कड आणि बाईचा खांदा रेखला जातो आणि आपल्याकडची बाजू काळोखात राहते. जितका लांब तितका खरा. दिवा साठ फुटांवर असेल तर पुढच्या दहा फुटांत प्रकाश अर्ध्या स्टॉपनेही उतरत नाही. तोच पंधरा फुटांवर असेल तर दहा फुटांत दीड स्टॉप उतरतो, जवळचं अंगण जळतं, लांबचं बुडतं आणि प्रेक्षकाला दिवा कळतो. जागा नसेल तर परांची उंच करा. मधे माडाची झावळी किंवा फणसाची फांदी येऊ द्या, हलती सावली मिळते. खळं ओलं केलं तर जमीन उठून दिसते, पण चिरा पाणी पितो, दर दोन-तीन टेकनंतर पुन्हा शिंपडावं लागतं. पाऊसही मागून प्रकाश असेल तरच दिसतो, समोरून टाकलेल्या उजेडात तो गायब होतो.

धूर जपून. लोबान असो की हेझ मशीन, धूर भरून पाच मिनिटं थांबायचं, पंखे बंद, दारं बंद, मग टेक. मास्टर शॉटमध्ये (अख्खा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या) धूर दाट आणि त्याच प्रसंगाच्या क्लोजअपमध्ये हवा स्वच्छ, हे संकलनात झाकता येत नाही. आणि दाट धुरात काळा रंग करडा होतो, मग घोंगडी माणूस होत नाही, नुसती धूसर घोंगडीच राहते.

एक्सपोजरची एक पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. वेव्हफॉर्मवर (चित्राचा उजेड टक्क्यांत दाखवणाऱ्या आलेखावर) दिव्याची ज्योत ८५ ते ९० टक्क्यांवर, चेहऱ्याची उजळ बाजू ३० ते ३५ वर, अंधारी बाजू १० ते १२ वर, खुंटीवरची घोंगडी ६-७ वर, आणि कुठेतरी एक लहानसा कोपरा अगदी शून्यावर. चौकटीत एक खरा उजळ ठिपका आणि एक खरा काळा कोपरा असला की डोळा मधलं सगळं ‘अंधार’ म्हणून वाचतो आणि तरीही त्यात बघू शकतो. उजळ ठिपकाच नसेल तर तेच चित्र अंधारं न वाटता नुसतं मळकट वाटतं. सेटवर कमी एक्सपोज करून नंतर ग्रेडिंगमध्ये (चित्राचा रंग-उजेड जुळवताना) उचलू, असं म्हणणाऱ्याचं ऐकू नये. उचलताना नॉइझ वर येतो आणि तो पुढच्या टप्प्यावर घात करतो.

तो टप्पा म्हणजे आकड्यांचा. एचडी प्रक्षेपण ८ बिटचं असतं, त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत १६ ते २३५ अशा २२० पायऱ्या. तळाच्या दहा टक्क्यांत त्यातल्या जेमतेम बावीस. आपलं अख्खं माजघर, दरवाजा, खुंटी, घोंगडी, या बावीस पायऱ्यांत बसवलेलं असतं. त्यात डेटा वाचवणारा कॉम्प्रेसर कमी फरकाच्या जागा ‘एकसारख्या’ समजून सपाट करतो, म्हणजे नेमकी आपली भीतीची जागा. मग अंधारात चौकोनी ठोकळे आणि कडांचे पट्टे दिसतात. नॉइझ जास्त असेल तर कॉम्प्रेसर तो नॉइझच सांभाळत बसतो आणि आकृती सोडून देतो. उपाय म्हणून ग्रेडिंगच्या शेवटी अगदी बारीक, एकसारखा ग्रेन (दाणेदारपणा) घालतात, त्याने पट्टे मोडतात. आणि अंतिम फाइल प्रक्षेपणाच्याच बिटरेटला (सेकंदाला जाणाऱ्या डेटाच्या प्रमाणाला) दाबून, साध्या घरगुती टीव्हीवर, ट्यूबलाइट लावून एकदा बघायची. ही शेवटची पायरी वेळेअभावी गळते आणि तिथेच ‘काही दिसलं नाही’च्या तक्रारी जन्माला येतात.

कारण ग्रेडिंगची खोली आणि तुमची बैठकीची खोली यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कलरिस्ट, म्हणजे ग्रेडिंग करणारा, जवळजवळ अंधारात, १०० निटच्या मॉनिटरवर (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप), २.४ गॅमाला (सिग्नलचा उजेड किती होतो ते ठरवणारा आकडा) बघत असतो. त्या मॉनिटरवर दहा टक्के सिग्नल म्हणजे फक्त ०.४ निट. त्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात, आणि पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुमच्या खोलीत पडद्यावर शंभर लक्स पडत असतील आणि पडद्याने त्यातला दोन टक्के जरी परत फेकला तरी सुमारे ०.६ निटची करडी साय सगळ्या चित्रावर चढते. माजघर त्या सायीखाली गडप. शिवाय साध्या आयपीएस एलईडी पॅनेलचा (मागून उजेड टाकणाऱ्या पडद्याचा एक प्रकार) कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, सुमारे १०००:१ असतो. पांढरं ३०० निटला लावलं तर त्याचं काळं मुळातच ०.३ निटचं. मोबाइलचा पडदा बहुधा ओएलईडी (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि विझतो) असतो, त्याचं काळं खरं काळं, ब्राइटनेस चढवलेला आणि तो हातभर अंतरावर. तिथे घोंगडी दिसते ती यामुळे.

याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा २८ एप्रिल २०१९ चा लढाईचा भाग. पंचावन्न रात्री चित्रीकरण झालं आणि प्रसारणानंतर जगभर एकच ओरड: काही दिसलं नाही. छायालेखक फेबियन वॅग्नर यांनी चित्र अंधारं नाही, टीव्ही नीट लावलेले नाहीत, अशी बाजू मांडली. प्रेक्षकांचे टीव्ही चुकीचे लागलेले असतात हे खरंच आहे. पण प्रक्षेपण कुठल्या पाइपातून जाणार आणि कुठल्या खोलीत बघितलं जाणार हे छायालेखकाने धरून चालायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. टेलिव्हिजनचा अंधार थिएटरच्या अंधारापेक्षा किमान अर्धा-पाऊण स्टॉप उजळ ठेवला तर काही बिघडत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते. पिक्चर मोड ‘सिनेमा’, ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’वर ठेवा. ‘व्हिविड’ आणि ‘डायनॅमिक’ हे दुकानातल्या उजेडासाठी आहेत. एको मोड आणि भोवतालचा उजेड मोजणारा सेन्सर बंद करा. अंधाऱ्या प्रसंगात पडदा आपोआप आणखी मंद होतो तो यांच्यामुळे, आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्टमुळेही, म्हणून तोही बंद. हालचाल गुळगुळीत करणारी सोय, जिला सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस, एलजीवर ट्रूमोशन आणि सोनीवर मोशनफ्लो म्हणतात, ती काढून टाका. संथ ट्रॉलीचा सगळा परिणाम ती धुऊन टाकते आणि खांबाच्या कडेला चित्र थरथरतं. सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही या दोघांची एचडीएमआय रेंज (काळं आणि पांढरं कुठल्या आकड्यांवर धरायचं ती) एकच हवी. बॉक्स ‘लिमिटेड’ पाठवतोय आणि टीव्ही ‘फुल’ समजतोय, असं झालं की काळं करडं होतं. उलटं झालं की अंधारातलं सगळं चिरडलं जातं, आणि ‘काळेठिक्कर प्रसंगां’चं हे एक नेहमीचं कारण आहे.

‘ब्राइटनेस’ या बटणाचा अर्थ कंपनीगणिक बदलतो. बऱ्याच टीव्हींवर ते काळ्याची पातळी ठरवतं, नव्या सोनी टीव्हींवर मात्र मागचा उजेड वाढवतं आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ वेगळं असतं. हलवून बघा. चित्राचा अंधार करडा होऊ लागला तर ते काळ्याचं बटण.

आयपीएस पॅनेल असेल तर फार काळ्याची अपेक्षा धरू नका, त्याऐवजी टीव्हीच्या मागे ६५०० केल्व्हिनची मंद एलईडी पट्टी लावा, भिंतीवर पडद्याच्या पांढऱ्याच्या दहाव्या हिश्शाइतका उजेड पडेल एवढीच. त्याने डोळ्याला पडद्याचं काळं अधिक काळं वाटतं आणि ताणही कमी होतो. समोरची ट्यूबलाइट बंद. पंचावन्न इंची पडद्यापासून सव्वादोन मीटरच्या आसपास बसा, सोफा पडद्यापासून चौदा फुटांवर असेल तर घोंगडी सापडणार नाही. मग असाच एखादा अंधाऱ्या माजघराचा प्रसंग लावून चित्र थांबवा, दहा मिनिटं त्या उजेडात बसा आणि काळ्याची पातळी एकेक घर वाढवत न्या. आतल्या खुंटीवर काहीतरी लोंबतंय हे कळायला लागेल. आणखी दोन घरं वाढवलीत की घोंगडीचे पट्टेही दिसतील. तिथून दोन घरं मागे या, घोंगडी आहे की माणूस ते नक्की सांगता येणार नाही इथपर्यंत.